एम्बापेची तीन वर्षे : बातमी मोबाइलवर घ्यावी की सकाळच्या वृत्तान्तातून?

ट्रान्सफर विंडो (खेळाडूंना क्लब बदलता येतो तो ठरावीक काळ) उघडण्याच्या सुमारास एखाद्या मोठ्या खेळाडूच्या क्लबबदलाची चर्चा सुरू झाली की ती कुठून वाचावी, असा प्रश्न फुटबॉलवेडे मित्र मला हमखास विचारतात. केवळ ट्रान्सफरच्या बातम्या देणाऱ्या वार्ताहरांची एक्सवरील खाती सूचना चालू ठेवून पाहणे, हा एक मार्ग आहे. दुसरा मार्ग म्हणजे दिवसातून एकदाच, सकाळी, एखाद्या वर्तमानपत्राच्या संकेतस्थळावरचा सविस्तर वृत्तान्त वाचणे. पॅरिस सेंट जर्मेनचा फ्रेंच आघाडीवीर किलियन एम्बापे स्पेनच्या रेआल माद्रिदकडे जाणार की नाही, या २०२१ ते २०२४ पर्यंत लांबलेल्या प्रकरणात मी दोन्ही मार्ग वापरून पाहिले.

वेगाच्या बाबतीत पहिल्या मार्गाला तोड नाही, हे आधीच मान्य केले पाहिजे. ५ ऑगस्ट २०२१ रोजी मेस्सी राहणार नसल्याचे बार्सिलोनाने जाहीर केले, ८ तारखेला त्याने रडत निरोप घेतला आणि १० तारखेला तो पॅरिस सेंट जर्मेनचा झालाही. त्या पाच दिवसांत सकाळची वाट पाहणारा माणूस कायम मागेच राहिला असता. ट्रान्सफरच्या बातम्या देणारे इटालियन पत्रकार फॅब्रिझिओ रोमानो यांचे ठरलेले ‘हिअर वी गो’ उमटले की व्यवहार झाला असे समजायला सहसा हरकत नसते, हाही माझा अनुभव आहे.

एम्बापेचे प्रकरण मात्र पाच दिवसांचे नव्हते, आणि माझे मत तिथेच फिरले. मे २०२२ मध्ये मी ज्या खात्यावर सर्वाधिक विसंबून होतो (नाव घेण्यात अर्थ नाही, कारण तशी बरीच आहेत), ते कित्येक दिवस रेआल माद्रिदशी ‘आता फक्त सही बाकी’ असे सांगत होते. २१ मेच्या रात्री, म्हणजे आपल्याकडे मध्यरात्रीच्या सुमारास, मेट्झविरुद्धच्या सामन्याआधी एम्बापे ‘२०२५’ लिहिलेली जर्सी हातात धरून पॅरिसच्या मैदानावर उभा राहिला, म्हणजे तो पॅरिसमध्येच राहणार होता. अंदाज चुकणे मी समजू शकतो. परंतु काही मिनिटांतच त्याच खात्यावर ‘एम्बापे का थांबला, याची आतली गोष्ट’ सुरू झाली आणि आदल्या दिवसापर्यंत काय सांगितले होते, याबद्दल त्यात एक अक्षरही नव्हते. मी बराच वेळ खाली-वर शोधत बसलो. कोल्हापुरात एखादा फुटबॉल खेळाडू दुसऱ्या तालमीकडे, म्हणजे दुसऱ्या पेठेच्या संघाकडे, जाणार अशी आवई उठवणाऱ्यालाही दुसऱ्या दिवशी पेठेतल्या कट्ट्यावर तोंड दाखवावे लागते. इथे तेवढीही सोय नव्हती. कालचा हिशेब न देण्याची ही खोड मला आजही सर्वांत जास्त खटकते.

वर्तमानपत्रे निर्दोष आहेत, असे मी म्हणणार नाही. माद्रिदमधील ‘मार्का’ आणि ‘आस’ या क्रीडा दैनिकांचा ओढा रेआल माद्रिदकडे असतो हे उघड आहे, त्यामुळे त्यांचा उत्साह थोडा हातचा राखूनच वाचावा. पॅरिसचे ‘लेकिप’ मला यांत्रिक भाषांतरातून वाचावे लागते, आणि त्यात अधूनमधून विनोदही घडतात. तरीही जर्सीवर ‘२०२५’ असले तरी करारातले तिसरे वर्ष एम्बापेच्या मर्जीवर अवलंबून होते, ही कळीची बाब मला समजली ती अशा सविस्तर लेखनातूनच. त्यामुळे तो पर्याय आपण वापरणार नसल्याचे त्याने पत्राने क्लबला कळवल्याची बातमी १२ जून २०२३ रोजी ‘लेकिप’ने दिली, तेव्हा मला फारसा धक्का बसला नाही. त्यानंतर जपान दौऱ्यातून त्याला वगळणे, सौदी अरेबियाच्या अल हिलाल क्लबची ३० कोटी युरोंची बोली, असा महिनाभर गदारोळ झाला. त्या काळात मोबाइल दिवसभर वाजत असे. ऑगस्टमध्ये एम्बापे पुन्हा पॅरिसच्याच संघात होता.

ज्यांना मित्रांच्या ग्रुपवर बातमी सर्वांच्या आधी टाकण्यात आनंद वाटतो, त्यांना सकाळचा मार्ग कदाचित निरस वाटेल, आणि त्यांना मी आग्रह करणार नाही. मी स्वतः विंडो बंद होण्याच्या शेवटच्या दोन दिवसांपुरत्या सूचना चालू ठेवतो. एरवी त्या बंदच असतात.

रेआल माद्रिदने ३ जून २०२४ रोजी पाच वर्षांचा करार जाहीर केला, तेव्हा आपल्याकडे रात्र होती आणि मी झोपलो होतो. दुसऱ्या दिवशी लोकसभेची मतमोजणी असल्याने घरातले सगळे टीव्हीसमोर बसले होते. मी चहा घेत बाजूला वृत्तान्त वाचत होतो. २०२२ साली आपलाही अंदाज फसला होता, हे त्यात दुसऱ्याच परिच्छेदात लिहिलेले होते.