लकव्यानंतरच्या हातासाठी घडीची आरसापेटी: पेटी घ्या, व्हिडिओ राहू द्या

लकव्यानंतर हात चालता व्हावा म्हणून फिजिओथेरपिस्ट सुचवतात ती आरसापेटी आता बडोद्याच्या रावपुऱ्यात सर्जिकल सामानाच्या दुकानात घडीची मिळते. लुळा हात पेटीत लपवायचा आणि आरशात चांगल्या हाताचं प्रतिबिंब पाहायचं, म्हणजे लुळा हातच हलतोय असं वाटतं. सोबत व्यायामाच्या व्हिडिओंचा पेनड्राइव्ह. पेटी बरी आहे, व्हिडिओ मात्र कुचकामी.

आरसा ॲक्रिलिकचा, साधारण ३५ बाय ४५ सेंटिमीटर. हलका आहे, फुटायची भीती नाही. पण ॲक्रिलिक वाकतं. घेण्याआधी समोर आखीव वहीचं पान धरा. रेघा वाकड्या दिसल्या तर ती पेटी परत ठेवा. बोटं फुगीर दिसली की मेंदू त्या प्रतिबिंबाला आपला हात मानत नाही, आणि सगळा खेळ त्या मानण्यावरच आहे. दुसरी उणीव म्हणजे पेटीचं तोंड अरुंद. मूठ घट्ट वळलेली असेल तर हात कोंबावा लागतो, दुखतो आणि ताठरपणा उलट वाढतो. अशांनी काचवाल्याकडून दीड फुटी आरसा कापून, कडा घासून घ्यावा आणि पक्क्या टेकूला उभा करावा. स्वस्तही पडतो.

मांडणीबद्दल माहितीपत्रकात जेमतेम दोन ओळी आहेत. आरसा छातीच्या बरोबर मध्यावर, दोन हातांच्या मधे उभा, लुळा हात आरशामागे, चांगला आरशासमोर, दोन्ही एकाच ठेवणीत. चांगल्या हातातल्या बांगड्या, अंगठी, घड्याळ काढा. मागच्या हाताशी न जुळणारी एक बांगडीही भ्रम मोडते. मग मूठ उघडणं-मिटणं, तळवा उलटा-सुलटा, अगदी सावकाश. मागचा हातही जमेल तितका तसाच हलवायचा. दहा मिनिटांपासून सुरू करून दिवसाला अर्धा तास, आठवड्यातून पाच दिवस, निदान चार आठवडे. गरगरलं तर थांबा. ज्यांचं डाव्या बाजूकडे लक्षच जात नाही, त्यांची नजर सारखी उजव्या, खऱ्या हाताकडे घसरते. त्यांच्याजवळ कुणीतरी बसायलाच हवं.

आता व्हिडिओ. खोक्यावर ‘मिरर न्यूरॉन जागे करा’ असं ठळक छापलंय. १९९२मध्ये इटलीत पार्मा इथे रिझोलाट्टी यांच्या गटाने माकडाच्या मेंदूत अशा पेशी नोंदवल्या, ज्या वस्तू उचलताना चेततात आणि दुसऱ्याला उचलताना पाहूनही. माणसातही हात हलवताना आणि नुसता पाहताना ईईजीतली, म्हणजे मेंदूच्या विद्युत लहरींच्या आलेखातली, ८ ते १३ हर्ट्झची म्यू लय दबते. पण आरशाचा गुण केवळ या पेशींमुळे येतो, हे सिद्ध झालेलं नाही. जाहिरातीचं सोडा, ज्या संशोधनाचं नाव घेतलंय, त्याच्याच विरुद्ध हे व्हिडिओ काढलेत. माकडाच्या त्या पेशी वस्तूवाचून केलेल्या नुसत्या अभिनयाला दाद देत नाहीत, आणि इथे अर्ध्या व्हिडिओंत हात हवेतच फिरतात. चित्रण समोरून, त्यामुळे उजवा-डावा मनात उलटवत बसावं लागतं. उरलेल्यांत काटा-चमचा आणि गोल्फची काठी! २००५मधल्या एका अभ्यासात बॅले आणि कापोएरा (ब्राझीलची नृत्यासारखी युद्धकला) करणाऱ्यांचा मेंदू आपल्या शैलीचं नृत्य पाहताना जास्त चेतलेला दिसला. दांडियाबाजारातल्या आजींना गोल्फ दाखवून काय होणार?

त्यापेक्षा घरच्या मोबाइलवर काढा. कॅमेरा करणाऱ्याच्या खांद्यावरून, म्हणजे हात स्वतःचाच वाटेल. आणि जो हात अधू, तोच चित्रात हवा. कृतीचे तीन-चार तुकडे करा: पोलीसाठी कणकेचा गोळा तोडणं, पिठात घोळवणं, लाटणं, उचलणं. एक तुकडा तीन मिनिटं पाहायचा, मग दोन मिनिटं तीच वस्तू हातात घेऊन करायचा. लाटणं जड जात असेल तर सेव-उसळीवर लिंबू पिळण्यापासून सुरुवात करा. चिमटीची पकड त्यात आपोआप येते. संगीत घालू नका, चेहरा दाखवू नका. पाहताना हात मांडीवर स्वस्थ, टीव्ही बंद.

दुकानदार पेनड्राइव्हशिवाय पेटी द्यायला तयार असेल तर तेवढीच घ्या.