जिल्हा न्यायालयातली मोफत कायदा मदत: ‘लागलं कुठंय?’ म्हणून परत पाठवलेल्यांनी जरूर जावं

आमच्या जिल्हा न्यायालयाच्या आवारात विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे. १९८७ च्या कायद्याप्रमाणे बायकांना तिथं मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो. मला फार चांगला अनुभव आला, म्हणून सविस्तर लिहितेय.

माझी इस्त्रीची टपरी आहे. शेजारच्या गाळेवाल्याशी जागेवरून कुरबुर चालायची. गिऱ्हाइकांच्या कपड्यांचं गाठोडं घेऊन निघाले होते, तर त्यानं फरशी धुतलेल्या पाण्याची बादली सरळ माझ्या अंगावर ओतली. वर म्हणाला, “आता कर इस्त्री!” चौकीत सांगितलं तर म्हणे, “ताई, लागलं कुठंय? पाणीच तर पडलं. मिटवून टाका.” एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद, तेवढी घेतली.

कार्यालयात ज्या वकील मॅडम मिळाल्या त्यांनी आधी सगळं ऐकून घेतलं. बादली कुठून आली, तो काय बोलला, कोणी बघितलं, सगळं विचारलं. मग भारतीय न्याय संहितेचं पुस्तक माझ्यासमोर धरून कलम १२९ वाचून दाखवलं. फौजदारीपात्र बलप्रयोग. त्याला जखम व्हावी लागत नाही, हातही लागावा लागत नाही. इजा करायला, घाबरवायला किंवा त्रास द्यायला म्हणून, समोरच्याच्या मर्जीविरुद्ध, अंगाला, कपड्यांना किंवा त्याच्याजवळच्या वस्तूला काहीही लागेल असं केलं की झालं. त्या कलमात उदाहरणंच दिलीत. कोणी अंगावर कुत्रा सोडला तरी तो बलप्रयोगच. कोणी पाण्यात दगड मारला आणि पाणी समोरच्याच्या कपड्यांवर किंवा हातातल्या वस्तूवर उडालं, तरीही! १८६० च्या जुन्या दंड संहितेपासून हे लिहिलेलं आहे. माझं गाठोडं त्यात बसतं हे ऐकून मला रडूच आलं.

मला सगळ्यात आवडला तो त्यांचा खरेपणा. सोबत आलेला माझा दीर म्हणाला, “हात पिरगळला असं घाला ना, केस मजबूत होईल.” मॅडमनी साफ नकार दिला. अंग दुखलं तरच कलम ११५ ची दुखापत, नाहीतर नाही, आणि खोटं एक वाक्य घातलं की खरं पण बुडतं. गाळेवाल्यानं आधी दिलेल्या शिव्यांचंही त्यांनी स्पष्ट केलं: नुसत्या शब्दांनी कलम १३० चा हल्ला होत नाही. काठी उगारून “थांब, तुला बघतो” म्हटलं तर होतो.

शिक्षा थोडी आहे, कलम १३१ ला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. गुन्हा अदखलपात्र, म्हणून दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करू शकत नाहीत. मॅडमनी थेट दंडाधिकाऱ्यांपुढे तक्रार दाखल करून दिली. वकिलाची फी एक रुपया लागली नाही.

उणीव म्हणाल तर बसायला एकच बाकडं आहे आणि कार्यालयाची पाटी जिन्याआड लपलीय, शोधताना दमछाक होते. ती दर्शनी भागात लावायलाच हवी. नाहीतर विधी सेवेच्या १५१०० या हेल्पलाइनवर आधी फोन करा.

जाताना एनसीची प्रत, आधार कार्ड आणि साक्षीदारांची नावं न्या. अशा तक्रारीला घटनेपासून एक वर्षाची मुदत असते, तेव्हा लांबवू नका. दुपारी जेवणाची सुट्टी असते, सकाळीच गेलेलं बरं.