धुळ्याहून भाड्याची कॅम्पर व्हॅन घेऊन तोरणमाळला गेलो, त्याचा रिव्ह्यू

पहिलेच सांगून देतो, गाडी झकास आहे पण ती सगळीकडे जात नाही आणि बुकिंग घेताना हे कोणी सांगत नाही. ट्रॅव्हलरची बॉडी मागून मोकळी करून केलेली व्हॅन, दोन बेड, छोटा ओटा, सिंक, टपावर सोलर, लाईट-फ्रिजसाठी वेगळी बॅटरी. आम्ही तिघं, मी, बायको आणि आई. थंडीतच न्यायची होती, कारण आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये त्या पत्र्याच्या डब्यात झोपलं तर माणसाचं भरीत होईल.

दोंडाईचावरून सारंगखेड्यापर्यंत मजाच. दत्त जयंतीची यात्रा सुरू होती, तापीकाठी घोडेबाजार भरलेला, पंजाब-राजस्थानकडचे व्यापारी, आणि घोडे पाहायला आलेले लोक आमच्या गाडीतच डोकावत होते, एक बाबा तर सरळ दार उघडून "कितलाले पडनी भाऊ?" म्हणे. भाड्याची आहे सांगितलं तर त्यांचा इंटरेस्टच गेला. ओट्यावर शेवभाजी केली, दोन बर्नरची शेगडी चांगली चालते, फक्त खिडकी उघडी ठेवा नाहीतर मसाल्याचा ठसका गादीत बसतो तो घरी येईपर्यंत जात नाही.

शहाद्याला डिझेल फुल करून घ्या. पुढे तोरणमाळ पन्नासेक किलोमीटर, आणि खरी परीक्षा घाटात. सात पायरीच्या वळणांवर ही लांब गाडी एका दमात वळत नाही, थांबून रिव्हर्स घ्यावी लागते, मागून माणसांनी भरलेली जीप हॉर्न मारत असते आणि आई रामरक्षा म्हणत असते. पॉवर आहे तिला, सेकंडवर आरामात चढते, पण मागचा भाग चाकाच्या बराच बाहेर असल्यामुळे उताराच्या वळणावर खाली घासतो. ड्रायव्हिंगचा हात नसेल तर नकाच नेऊ.

वर यशवंत तलावापासून जवळच एका लॉजच्या आवारात विचारून गाडी लावली. जंगलात कुठेही लावून झोपायचं असं करू नका, फॉरेस्टवाले उठवतील आणि बरोबरच करतील. रात्री वर चांगलीच कडाक्याची थंडी होती, आम्ही सगळं गच्च बंद करून झोपलो तर सकाळी काचांवरून पाणी टपकत होतं, तिघांच्या श्वासाची वाफ थंड पत्र्यावर जमते म्हणून टपाची झडप बोटभर उघडी ठेवायची आणि वरून अजून एक गोधडी घ्यायची. कंपनीची दिलेली ब्लँकेटं पातळ आहेत, घरून न्या.

सोलरच्या भरवशावर राहू नका. हिवाळ्यात सूर्य खाली असतो, त्यात झाडाखाली गाडी, मग दिवसभरात बॅटरी अर्धी पण भरत नाही, आणि फ्रिज रात्रभर ओढतो. गाडी चालली की ती बॅटरी पण चार्ज होते, पण आम्ही तर एकाच जागी बसलेलो. शेवटी फ्रिज बंद केला, एवढ्या थंडीत दूध तसंही नासत नाही.

टॉयलेट डब्याचं आहे. त्याची टाकी तलावाजवळ, ओढ्यात ओतू नका भो, लॉजवाल्याला विचारून त्याच्या संडासात रिकामी केली.

धडगावकडे मात्र ही गाडी नेलीच नाही. थोडं पुढे जाऊन पाहिलं, रस्ता अरुंद, खडी उघडी पडलेली, समोरून काही आलं तर मागे घ्यायला जागा नाही. तिथल्याच एकाची बोलेरो केली, आणि ट्रिपचा सगळ्यात भारी दिवस तोच निघाला, उघडेबोडके डोंगर, एकेका टेकडीवर एकेक घर, मोबाईलला रेंज नाही. म्हणजे कॅम्परचं भाडं चालू आणि ती लॉजवर उभी!

मालक बोलायला चांगला, फोन उचलतो, डिपॉझिट पण लगेच परत केलं. पण रोजच्या किलोमीटरची लिमिट कागदावर बारीक अक्षरात आहे, ती आधी वाचा. त्याच्याकडे टपावर तंबू लावलेली एक छोटी फोर बाय फोर पण आहे, धडगाव-मोलगी साईडला जायचं असेल तर तीच मागा, फक्त शिडीने वर चढावं लागतं, आमच्या आईने फोटो पाहूनच नाही म्हटलं.