घरी शिकणाऱ्या मुलांसाठी पेटी की कीबोर्ड?

माझ्या नणंदेची दोन्ही मुलं घरीच शिकतात. मे महिन्यात गिरगावातल्या तिच्या खोलीत दहानंतर पंखाही गरम वारा फेकतो, म्हणून गणित-वाचन सकाळी, गाणं दुपारी. ‘वहिनी, पेटी घेऊ की कीबोर्ड?’

पैशांत साधा कीबोर्ड स्वस्त. टिकायला पेटी, पण मुंबईचा पावसाळा तिला बाधतो. लाकूड फुगतं, पट्टी दाबली की वर येत नाही. आमच्या पेटीची काळी दोन, म्हणजे दुसरी काळी पट्टी, दर जुलैत अडकते आणि भाता हलला की एकटीच रडत बसते. कीबोर्डला हेडफोन लावता येतो. चाळीत दुपारी झोपणारे आजोबा दुवा देतील. पेटीत ती सोय नाही.

मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, पेटीत नाही आणि साध्या कीबोर्डातही नाही. अशाच कारणांनी पेटीला 1940 ते 1971 रेडिओवर बंदी होती! पण सा धरून गळा लावायचा तर पेटीच. भाता मुलाने स्वतः हलवायचा, त्यामुळे सुराचा दमही कळतो. कीबोर्डवर आमचा भाचा आधी तालाची बटणंच दाबत बसला.

थोरलीला गायचंय, तिला पेटी; जुनी, जाणकाराकडून वाजवून घेतलेली चालेल. धाकट्याला नुसतं वाजवून बघायचं असेल, तर कीबोर्ड.