पीव्हीएचा सोनोग्राफी फँटम: उन्हाळा-पावसाळा वापरून झाल्यावर

आधी लॅबमध्ये जिलेटिनचाच फँटम (सोनोग्राफी शिकायला आणि मशिन तपासायला शरीराच्या जागी वापरायचा ठोकळा) असायचा. त्यात इसबगोल घातलं की पडद्यावर लिव्हरसारखा बारीक दाणेदार पोत येतो, ही रेसिपी 1995 सालीच छापून आलीये आणि खर्च म्हणाल तर किरकोळ. पण नागपूरचा मे महिना आणि त्यात गेलेली लाईट, जिलेटिन तिशीच्या पुढे पाघळायला लागतं, आणि तग धरलाच तर वर बुरशी. म्हणून पीव्हीए क्रायोजेल, म्हणजे पॉलिव्हिनाइल अल्कोहोलचं गोठवून-वितळवून घट्ट केलेलं जेल.

बनवायला कटकट आहे हे आधीच सांगतो. पाण्यात साधारण 10 टक्के पावडर, 90 अंशांच्या आसपास तापवत ढवळत राहायचं, बुडबुडे जाईपर्यंत थांबायचं (एक जरी राहिला तरी पांढरा ठिपका नि खाली सावली, स्टोनच वाटतो), मग उणे 20 ला रात्रभर गोठवून सावकाश वितळू द्यायचं. हे झालं एक चक्र. जितकी चक्रं तितकं कडक, आणि खरी गंमत इथेच आहे. गाठ आधी वेगळी दोनदा गोठवून घेतली, मग ती साच्यात ठेवून भोवती नवीन द्रावण ओतून सगळं एकदा गोठवलं, की मऊ भागात कडक गाठ तयार, इलास्टोग्राफीत (कडक-मऊ भाग वेगळे दाखवणारी सोनोग्राफी) मस्त उठून दिसते. नुसतं पीव्हीए मात्र पडद्यावर काळंच येतं, त्यात सेल्युलोज किंवा ग्राफाईटची पूड लागतेच.

लोक विचारतात सिलिकॉनचा का नाही, त्वचा किती खरी दिसते. अहो दिसते, पण मशिनला डोळे कुठेत? ते आवाजाचा वेग 1540 मीटर प्रतिसेकंद धरून खोली काढतं, आणि सिलिकॉनमध्ये तो हजाराच्या आसपास, म्हणजे आतलं सगळं भलत्याच खोलीवर. साध्या गार पाण्यातही वेग 1480 च असतो, तेवढ्यानेसुद्धा 10 सेंमी खोलीवर तपासणीसाठी लावलेली तार 10.4 वर दिसते. पीव्हीए 1540 च्या जवळ जातं, म्हणून ठोकळा दिसायला कितीही भिकार असला तरी चालतो.

वैताग दोन गोष्टींचा. सुईच्या वाटा बुजत नाहीत, बायोप्सीची प्रॅक्टिस करणाऱ्या पोरांनी टोचून टोचून मधला भाग पांढऱ्या रेघांनी भरवून टाकलाय, आणि जिलेटिनसारखं वितळवून पुन्हा ओतणं इथे सहज होत नाही. दुसरं म्हणजे उघडा राहिला की कडेने सुकून आक्रसतो, त्यामुळे कायम प्रिझर्व्हेटिव्ह घातलेल्या पाण्यात, झाकण लावून.

प्रोबच्या (अंगावर फिरवायच्या सोनोग्राफीच्या दांड्याच्या) तपासणी रिपोर्टवर सही करायची असेल तर मोजून लावलेल्या नायलॉन तारांचा विकतचाच फँटम घ्या, महाग असला तरी, तिथे घरचा ठोकळा चालवू नका. शिकवायला आणि नवीन सेटिंग तपासायला मी तरी जिलेटिनकडे परत जाणार नाही. आता वर चरबीचा थर द्यायचाय, तिथे वेग 1450 च्या आसपास हवा, पीव्हीएत तेल मिसळून कोणी जमवलंय का?