जुनी स्विफ्ट, ११ महिने, १४ हजार किलोमीटर: क्लच ठीक होता, फाउंडेशन गेलं होतं

परवा गाडीचं खालचं फाउंडेशन, म्हणजे इंजिनाला जागेवर धरून ठेवणारा रबर-लोखंडाचा भाग, बदललं. अकरा महिन्यांत दुसऱ्यांदा. पहिल्या वेळी राग गॅरेजवाल्यांचा आला होता, या वेळी स्वतःच्या काटकसरीचा आला. तो ताजा असतानाच लिहून टाकते, म्हणजे जुनी हॅचबॅक शोधणाऱ्या कुणाचे तरी तीन महिने वाचतील.

गाडी तिसऱ्या पिढीची स्विफ्ट, १.२ पेट्रोल, मॅन्युअल. घेतली तेव्हा ६८ हजार चाललेली होती. मॉडेलची माहिती सगळ्यांना आहे, ती पुन्हा देत नाही. माझं रोजचं जाणं-येणं चाळीस किलोमीटरचं, त्यातलं निम्मं तुंबलेल्या रहदारीत. मला खिशाला झेपेल आणि चालवताना मजा येईल अशी गाडी हवी होती. मजेचं नाव काढलं की लोक लगेच जास्त ताकदीची टर्बो इंजिनाची गाडी घे म्हणतात. मला ते पटत नाही. फोक्सवॅगनच्या १९७६ च्या पहिल्या गोल्फ जीटीआयला ११० अश्वशक्ती होती आणि वजन जेमतेम ८०० किलोच्या आसपास. त्या गाडीचं नाव आजही निघतं, त्यात त्या हलकेपणाचा वाटा मोठा आहे. स्विफ्टही एक टनाच्या आतच बसते. इंजिन साधं, ४००० आरपीएमच्या (मिनिटाला फेऱ्यांच्या) पुढे त्याला खरा जीव येतो, आणि दुसऱ्या गिअरमध्ये तो मध्यम वेगातच अनुभवता येतो. रोजच्या रस्त्यावर वापरता येते ती एवढीच मजा.

शोधाशोध दोन महिने चालली. होंडाची जॅझ पाहिली. जागेच्या बाबतीत तिला तोड नाही, पेट्रोलची टाकी पुढच्या सीटखाली असल्यामुळे मागची बैठक उभी दुमडता येते आणि कपाटसुद्धा मावेल असं वाटतं. पण मी चालवलेली जॅझ मला फार शहाणी वाटली. घाई करावीशी वाटेना. फोर्डची फिएस्टा चालवली आणि तिच्या स्टिअरिंगच्या प्रेमात पडले. तिचं उत्पादन २०२३ मध्ये थांबलं असलं तरी सुटे भाग मिळवू म्हणून मन बनवलं होतं. मग दादानं पुढचा सीटबेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढला. एरवी कधीच बाहेर न येणाऱ्या त्या शेवटच्या हातभर पट्ट्यावर वाळलेल्या गाळाची तपकिरी रेघ होती. गाडी पाण्यात बुडून आलेली. मालक म्हणाला, सीट धुतल्या होत्या. आम्ही किल्ली परत दिली.

स्विफ्टच्या वेळी मी सगळं नीट केलं असं मला वाटत होतं. मालकाला आधीच सांगितलं की आम्ही येईपर्यंत गाडी सुरू करू नका, आणि गेल्या गेल्या बॉनेटला हात लावून ते गार आहे ना ते पाहिलं. गार इंजिन सुरू करताना टायमिंग चेनचा खडखडाट आला नाही. कूलंटच्या (इंजिन गार ठेवणाऱ्या द्रवाच्या) बाटलीत रंग स्वच्छ होता, साधं पाणी भरलं की जो गंजाचा गाळ दिसतो तो नव्हता. गाडीच्या कॉम्प्युटरमधले दोष वाचणारा ओबीडी स्कॅनर लावून फक्त एरर कोड बघितले नाहीत, रेडिनेस मॉनिटर, म्हणजे गाडीनं स्वतःच्या तपासण्या पूर्ण केल्यात का तेही बघितलं. कुणी आदल्या दिवशी कोड पुसून इंजिनाचा इशारा देणारा दिवा घालवला असेल तर ते मॉनिटर अपूर्ण दिसतात. इथे सगळे पूर्ण होते. स्टेपनीखालच्या पत्र्यावर वेल्डिंगची खूण नाही, फेंडरच्या बोल्टवर पान्याचे ओरखडे नाहीत. टायरवर मात्र बाजूला छापलेल्या डीओटी क्रमांकाचे शेवटचे चार आकडे वाचले आणि तिथेच घासाघीस केली. पहिले दोन आकडे आठवडा, पुढचे दोन वर्ष. नक्षी भरपूर शिल्लक होती, पण टायर सात वर्षांचे. अंगठ्याचं नख रुतेना इतकं रबर वाळलेलं. चार टायरचे पैसे किमतीतून वजा करून घेतले आणि आठवड्याच्या आत नवे घातले.

टायर ही मी या गाडीसाठी केलेली सगळ्यात चांगली खरेदी. आधी उड्डाणपुलाच्या गोल उतारावर पुढची चाकं चिरचिरत बाहेर सरकायची, नंतर गाडी वळणात बसायला लागली. त्या दिवशी मी घरी फोन करून सांगितलं होतं की गाडी फर्स्टक्लास आहे.

हे मत फार दिवस टिकलं नाही.

तुंबलेल्या रहदारीत पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये पाय अॅक्सिलरेटरवरून उचलला की खालून ‘ठक्’. पुन्हा दाबला की ‘ठक्’. क्लच सोडताना गाडी उचक्या दिल्यासारखी निघायची. एसी लावून सिग्नलला उभी असली की मागचं दाखवणारा आरसा इतका थरथरायचा की मागच्या गाडीचे दोन दिवे चार दिसायचे. माझा पहिला संशय माझ्याच पायावर गेला. आठवडाभर क्लच जपून सोडत राहिले. मग पहिला गिअर टाकायचीच धास्ती वाटायला लागली. ज्या गाडीत बसायला सकाळी बरं वाटायला हवं होतं, तिच्यात बसण्याआधी मी रस्त्यावर गर्दी किती आहे हे बघायला लागले. तिसऱ्या महिन्याच्या शेवटी दादाला म्हटलं, विकून टाकू या.

त्याआधी एका मोठ्या गॅरेजमध्ये दाखवली. काउंटरवरच्या माणसानं माझं ऐकून घेतलं, गाडी किती चालली विचारलं आणि कागदावर लिहिलं: क्लच सेट, गिअरबॉक्स उतरवणे. अंदाजे खर्च गाडीच्या किमतीच्या दहाव्या हिश्श्याच्या वर. मी म्हटलं, एकदा चालवून तरी बघा. तो म्हणाला, “मॅडम, या किलोमीटरला क्लचच असतो.” गाडी त्यांच्या दारात उभी होती. कुणी किल्लीला हात लावला नाही. हे लिहितानाही मला संताप येतो, कारण मी जवळजवळ ‘हो’ म्हटलं होतं. पैसे गेले असते, नवा क्लच बसला असता, ‘ठक्’ तशीच राहिली असती आणि मी गाडीलाच दोष देऊन ती विकली असती.

दादाच्या ओळखीच्या एका मिस्त्रींकडे गेलो. पन्नाशीचे असतील, स्वतःच काम करतात. त्यांनी आधी गाडी रस्त्यावर नेली. चौथ्या गिअरमध्ये वेग कमी असताना अॅक्सिलरेटर पूर्ण दाबला आणि आरपीएमच्या काट्यावर नजर ठेवली. “क्लच घसरत असता ना, तर काटा वर पळाला असता आणि गाडी मागेच राहिली असती. बघा, दोन्ही बरोबर चढतायत.” परत आल्यावर बॉनेट उघडलं आणि मला म्हणाले, “ताई, बाजूला उभ्या राहा, गाडीच्या समोर नको, आणि इंजिनाकडे बघत राहा.” मग स्वतः आत बसले, हँडब्रेक आणि फूटब्रेक दाबून पहिला गिअर टाकला आणि क्लच केसभर सोडला. अख्खं इंजिन मागे कलंडलं. रिव्हर्स टाकून तसंच केलं, तर ते पुढे झुकून खाडकन थांबलं. रेडिएटरचा पाइप त्याच्याबरोबर हलताना मी डोळ्यांनी पाहिला.

दादा म्हणाला, “अगं, हे तर सुटून बाहेर येईल!”

सुटून येत नाही. माझ्या गाडीत इंजिन तीन फाउंडेशनवर बसतं. वरची दोन त्याचं वजन पेलतात. खालचं तिसरं वजन घेत नाही, ते इंजिनाला मागेपुढे डुलण्यापासून धरून ठेवतं. चाकांना जितका जोर मिळतो त्याची उलट प्रतिक्रिया इंजिनावर येते आणि ते आडव्या अक्षाभोवती फिरू पाहतं. रबर फाटलं की ही सगळी हालचाल मोकळी होते आणि शेवटी धातूला धातू लागतो. तीच माझी ‘ठक्’. गाडी निघताना आधी इंजिन कलंडतं, मग धक्का खाऊन जोर चाकांकडे जातो, म्हणून उचक्या. इंजिन प्रत्येक वेळी वेगळ्या कोनात थांबल्यामुळे गिअर टाकतानाही दांडा अडायचा. मी तीन महिने माझ्या पायाला आणि हाताला दोष देत होते.

काढलेलं फाउंडेशन मिस्त्रींनी माझ्या हातात दिलं. मुठीत मावेल एवढा लोखंडी तुकडा, मध्ये काळं रबर. वरून धड दिसत होतं. त्यांनी स्क्रू-ड्रायव्हर घालून जरा पिरगाळलं, तर रबर तोंड उघडल्यासारखं दोन्हीकडून फाकलं. आत चीर जुनी होती, धूळ बसलेली. यात गाडीचा दोष काढता येणार नाही. रबर वयानं आणि उष्णतेनं जातं, कुठल्याही गाडीत.

काम तासाभरात झालं. घरी जाताना मी मुद्दाम गर्दीचा रस्ता घेतला.

आता माझ्या चुकीकडे येते. मिस्त्रींनी दोन पर्याय ठेवले होते: कंपनीचा भाग, किंवा बिननावाचा, जवळजवळ निम्म्या किमतीत. “ताई, चालेल, पण ओरिजिनल घ्या,” असं ते स्पष्ट म्हणाले होते. मोठ्या गॅरेजच्या अंदाजपत्रकातून इतके पैसे वाचल्याचा मला आनंद झाला होता, आणि त्याच भरात मी अजून वाचवायला गेले. बिननावाचं घेतलं. ‘ठक्’ गेली, पण त्याचं रबर कडक होतं. सिग्नलला उभी असताना सीटमधून मुंग्या आल्यासारखं जाणवायचं. मी स्वतःला समजवत राहिले की सवय होईल. सात महिन्यांत ते फाटलं. परवा कंपनीचं घातलं, मजुरी दुसऱ्यांदा भरली. हिशोब केला तर पहिल्याच दिवशी ओरिजिनल घेतलं असतं तर बिननावाच्या भागाचे पैसे आणि एक मजुरी वाचली असती.

बाकी गाडीबद्दल थोडक्यात. मायलेज रहदारीत जितकं पडतं त्याची मला तक्रार नाही. मागची सीट उंच माणसांना लांबच्या प्रवासाला अपुरी आहे. डिकी लहान आहे आणि तिची कड उंच, त्यामुळे जड बॅग उचलून आत टाकावी लागते, पाठ दुखते. अकरा महिन्यांत गाडी एकदाही रस्त्यात बंद पडली नाही.

आणि मजा? ती आता आहे, आणि कुठे असते ते कळलंय. गाडी घेताना मी इंजिन, पत्रा, चेन, कूलंट सगळं तपासलं होतं. रबर तपासलं ते फक्त टायरचं. पण जुन्या छोट्या गाडीत हाताला आणि पाठीला जे जाणवतं ते बहुतेक रबरातूनच येतं: टायर, फाउंडेशन, लोअर आर्मचे (चाकाला धरणाऱ्या खालच्या दांड्याचे) रबरी बुश, शॉकअपची वरची माउंट. अश्वशक्ती दहानं कमी असली तर माझ्या लक्षातही येणार नाही. एक बुश गेला की पहिल्याच वळणावर कळतं. म्हणून जुनी हॅचबॅक बघायला जाल तेव्हा सोबत गाडी चालवता येणारा एक माणूस न्या आणि बॉनेट उघडून ही पहिला गिअर-रिव्हर्सची परीक्षा करा. समोर कुणी उभं राहायचं नाही, ब्रेक पक्का दाबलेला हवा, क्लच अगदी केसभरच सोडायचा. इंजिन थोडं हललं तर घाबरू नका, तेवढं हलायलाच हवं. झुकून आपटलं तर किमतीतून वजा करून घ्या आणि खुशाल गाडी घ्या. त्यासाठी चांगली गाडी सोडू नका. फाउंडेशन बदलता येतं, पाण्यात बुडालेल्या वायरिंगचं तसं नाही.

मोठी अलॉय व्हील्स घातलेली गाडी दिसली तर मात्र मी आता पुढे जाते. त्यांच्यावरच्या कमी उंचीच्या टायरचे सगळे धक्के शेवटी याच बुशांवर येतात, शिवाय चाक जड झालं की छोट्या इंजिनाचा उत्साह तिथेच मरतो.

काल सकाळी ओरिजिनल फाउंडेशनवर पहिल्यांदा ऑफिसला गेले. सिग्नलला एसी चालू ठेवून आरशात बघितलं. मागच्या गाडीचे दिवे दोनच दिसत होते. रिव्हर्समध्ये आरसा अजून थोडा थरथरतो. मिस्त्री म्हणतात वरचं उजव्या बाजूचं फाउंडेशनही थकलंय, पण वर्षभर काढेल. त्या फाउंडेशनचे पैसे बाजूला काढून ठेवलेत, या वेळी ओरिजिनलच्या हिशोबानं.