परदेशी जाणाऱ्या फराळाच्या खोक्याविषयी

माझी मुलगी जर्मनीत श्टुटगार्टजवळ नोकरी करते. 2025 मध्ये नरकचतुर्दशी 20 ऑक्टोबरला, सोमवारी आली. तिला त्या दिवशी सुट्टी नव्हती, आणि पुण्यात पहाटे पाचला आमचे अभ्यंगस्नान चालले होते तेव्हा तिच्याकडे रात्रीचा दीड वाजला होता. त्यामुळे घरची दिवाळी तिच्यापर्यंत पोहोचायची ती खोक्यातूनच, या हिशेबाने मी सप्टेंबरच्या अखेरीस लक्ष्मी रस्त्यालगतच्या एका गल्लीत, फराळ परदेशी पाठवून देणाऱ्या दुकानात गेले. दुकानाचे नाव देत नाही, कारण तक्रारही करायची आहे आणि यंदा पुन्हा तेथेच जायचे आहे.

जाण्याचे कारण त्यांची बांधणी. चकल्या गोल डब्यात आडव्या न रचता उभ्या लावतात आणि दोन चकल्यांमध्ये बटर पेपर घालतात. चिवड्याच्या पिशवीतली हवा मात्र काढत नाहीत, कारण हवा काढली की पातळ पोह्यांचा चुरा होतो, असे तेथल्या मुलाने मला पिशवी दाबून दाखवले. करंज्या सुक्या खोबऱ्याच्याच घेतात. पेढे आणि तुपाची बरणी त्यांनी सरळ परत केली, आणि ते योग्यच होते, कारण युरोपीय संघाबाहेरून खासगी पार्सलमधून दुग्धजन्य पदार्थ आणण्यास तेथे मनाई आहे. घडीचा आकाशकंदील, उटण्याचे पाकीट आणि चार पणत्या यांना त्यांनी शंकरपाळ्यांच्या पिशव्यांमध्ये अशी जागा करून दिली की एकही पणती फुटली नाही.

चवीबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. चकली खुसखुशीत होती, अनारसे चिवट. घरचा फराळही ते बांधून देतात, हे मला पैसे भरल्यावर कळले.

वजनाचे गणित मात्र आधी समजून घ्यावे. कुरिअरवाले प्रत्यक्ष वजन आणि आकारमानाचे वजन यांपैकी जे जास्त असेल त्याचे पैसे घेतात. लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये मोजून त्यांच्या गुणाकाराला 5000 ने भागले की आकारमानाचे वजन किलोत मिळते. माझे खोके 40, 30 आणि 25 सेंटिमीटरचे, म्हणजे सहा किलोचे ठरले, आणि काट्यावर ते भरले चार किलो सातशे ग्रॅम. हा एक किलो तीनशे ग्रॅमचा फरक चिवड्यानेच केला. चिवडा कमी करून लाडू वाढवले असते, तर त्याच पैशांत अधिक गेले असते.

आता तक्रार. एका खासगी व्यक्तीने दुसऱ्या खासगी व्यक्तीला पाठवलेल्या 45 युरोपर्यंतच्या भेटवस्तूंवर जर्मनीत आयातकर लागत नाही. माझा सगळा माल चार हजार रुपयांचा, म्हणजे या मर्यादेच्या आतला होता, परंतु दुकानाने पाठवणारा म्हणून माझ्याऐवजी स्वतःचे नाव घातले आणि कागदावर 'भेट' न लिहिता 'विक्री' लिहिले. आधार कार्डाची प्रत माझ्याकडून आठवणीने घेतली होती, ती मग कशासाठी, हा प्रश्न उरतोच. मुलीला सीमाशुल्क कार्यालयात जाऊन अधिकाऱ्यासमोर खोके उघडावे लागले, उटणे अंगाला लावायचे असते हे समजावून सांगावे लागले आणि कर भरावा लागला. वसुबारसेला अपेक्षित असलेला फराळ पाडव्याला घरी आला.

दिवाळीनंतर मी कराची पावती घेऊन दुकानात गेले. मालकांनी "काकू, पुढच्या वेळी नक्की लक्ष ठेवू" असे म्हणत पाव किलो चिवडा पुढे केला. चिवडा मी घेतला आणि कराची रक्कमही मागितली; त्यांनी ती थोडी कुरकुर करून, पण त्याच दिवशी दिली. यंदा चकल्या घरच्या नेणार आहे आणि तो कागद तेथेच बसून स्वतःच्या हाताने भरणार आहे.